अर्गिरोचा नवस मी मोडला

आमच्या स्किनारी गावात कुणालाही विचारा, अर्गिरो म्हणजे भांडकुदळ बाई असंच सांगतील. होतीच ती. पाद्रीबाबांच्या कोंबड्यांनी तिची भाजी उकरली म्हणून तिने अकरा वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता. रविवारी प्रसादाचा पाव त्यांच्याच हातून घ्यायची, पण नजर भिंतीकडे. पण आता ती गेल्यावर दुकानात बसून जो तो तिची टवाळी करतो ना, तेव्हा माझं टाळकं सटकतं. अरे, तुम्हाला काय ठाऊक! मला ठाऊक आहे, कारण त्यातली निम्मी घाण माझी आहे.

मी सिफिस. आमच्या धक्क्यावरून शहरापर्यंत बोट चालवतो. त्याआधी अकरा वर्षं मोठ्या जहाजांवर काढली, त्यामुळे इंग्रजी येतं. तेव्हा गावात ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. अर्गिरो माझ्या थोरल्या मुलीची धर्ममाता. म्हणून ती मला 'कुंबारे' म्हणायची आणि मी तिला 'कुंबारा'. हे नातं आमच्या क्रीट बेटावर सख्ख्या भावाबहिणीच्या वर. कुंबाराला फसवलं तर लोक तुमच्या हातचं पाणी पीत नाहीत.

तिचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी जर्मनीला कारखान्यात गेला. आधी पत्रं आली, मग नुसते फोटो, मग फोटोही थांबले. पोरबाळ नाही. राहिलं काय, तर धक्क्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्या आणि सपाट गच्ची. पाठीवर पिशव्या घेऊन एकटी-दुकटी हिंडणारी परदेशी पोरं आमच्याकडे यायला लागली तेव्हा गच्चीवर गाद्या टाकायची अक्कल पहिल्यांदा अर्गिरोला सुचली. त्या पोरांना खोली परवडायची नाही. इटलीत स्टेशनवर झोपून आलेली असायची, पावाबरोबर टोमॅटो खाऊन दिवस काढायची. माझी बोट लागली की ही धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभी. "रूफ! चीप! क्लीन!" एवढंच इंग्रजी, पण असं ओरडायची की पोरं घाबरूनच तिच्यामागे जायची.

मग वर नेऊन त्यांना आमच्या भाषेत फैलावर घ्यायची. "काय रे हाडं झालीत तुझी! आई आहे की नाही घरी?" त्यांना ओ की ठो कळायचं नाही. ती हसायची, आणि ही त्यांच्यापुढे पावट्याची उसळ आदळायची. उसळीचे पैसे कधी घेतले नाहीत. वीस वर्षं हे चाललं.

आता एक गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे 'नाही' म्हणायचं तर आम्ही मान वर उडवतो. भुवया चढवतो आणि जिभेने 'त्स' करतो. झालं, नाही म्हणजे नाही. परदेशी माणसाला वाटतं, मान हलली म्हणजे हो. माझ्याकडेच कितीदा झालंय. "आज बोट आहे?" मी मान उडवली की गडी सामान मांडून धक्क्यावर बसलाच! संध्याकाळी मलाच शिव्या. म्हणून गच्चीवरच्या पोरांशी बोलताना अर्गिरो मुद्दाम त्यांच्यासारखं बोट हलवायची आणि "नो, नो" म्हणायची. तिला हे चांगलं ठाऊक होतं. हेच तर सगळ्यात वाईट.

त्या वर्षी सलग दुसरा हिवाळा कोरडा गेला होता. विहिरी आटल्या, दर सोमवारी पाण्याची बोट यायची आणि प्रत्येक घराला मोजून दोन पिंपं. अर्गिरोने गच्चीच्या दारावर माझ्याकडून इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: प्या, तोंड धुवा, बाकी समुद्रात जा.

जुलैत ओर्ला आली. आयर्लंडची पोर, बावीस वर्षांची, एकटीच. नाकाची सालपटं निघालेली आणि पाठीवरची पिशवी तिच्यापेक्षा मोठी. एप्रिलमध्ये पोर्तुगालहून निघाली होती, मिळेल त्या स्वस्त गाडीने आणि बोटीने इथवर आली होती. बोटीत तिने मला तिच्या पुस्तकातला नकाशा दाखवला. आमच्या गावामागच्या घळीतून चार तास वर चढलं की आंतोनिसबाबाचं देऊळ लागतं, तिथे टाकं आहे, आणि पुस्तकात टाक्यापाशी निळा थेंब काढलेला. मी म्हटलं, पुस्तक जुनं दिसतंय, गावात विचारून जा. एवढं बोललो आणि दोर टाकायला गेलो.

अर्गिरोशी तिने बोटांवर घासाघीस केली. अर्गिरोही बोटांवर भांडली, आणि दोघी खूश. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ओर्लाने गच्चीवर केस धुतले. साबण लावून, दोन पाण्यांनी. वर आपले कपडेही त्याच पाण्यात पिळले. बिचारीने दारावरचं वाचलंच नव्हतं, दार उघडं ठेवलेलं होतं आणि पाटी भिंतीकडे वळली होती. अर्गिरो खाली अंगणात चादरी वाळत घालत होती. गच्चीच्या पन्हाळीतून साबणाचं पाणी तिच्या पायांशी आलं. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन धक्क्यावरून दीड फर्लांग चढणारी बाई ती. तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

तेवढ्यात ओर्ला जिना उतरून आली. ओले केस, डोक्यावर टोपी, हातात एक बाटली. घळीकडे बोट दाखवलं, हाताने पाणी प्यायची खूण केली आणि आमच्या भाषेत विचारलं, "नेरो?" म्हणजे पाणी. वर पाणी आहे का? अर्गिरोच्या तोंडात कपड्यांचे दोन चिमटे होते. तिने मान वर उडवली.

ओर्ला हसली, थँक्यू म्हणाली आणि गेली.

हे मला दुपारी तीनला कळलं. अंगावर गरम फडकं टाकल्यासारखा आफ्रिकेकडचा वारा सुटला होता, आणि मी दुकानाच्या मागच्या बाकड्यावर आडवा झालो होतो. अर्गिरोने माझी मांडी हलवली.

"कुंबारे, ऊठ."

"काय झालं? आग लागली का कुठे?"

"ती पोरगी. बाटली ठेवून गेलीय."

"मग? परत येऊन पिईल. झोपू दे मला."

"अरे मुडद्या, भरलेली बाटली! दोन होत्या, त्यातली भरलेली एक उशाशी ठेवून गेली. ओझं नको म्हणून. वर पाणी आहे असं समजून गेली ती!"

मी उठून बसलो. "तुला विचारलं नाही तिने?"

"विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

अर्गिरोने माझ्याकडे बघून मान वर उडवली. तोंडात चिमटे नव्हते तरी 'त्स' केलं नाही. 

दुकानदाराला उठवून देवळाच्याही वर, घळीच्या टोकाला असलेल्या गावात फोन लावला. लाल केसांची परदेशी मुलगी आली का? कुणी आलं नाही. सकाळी नऊला निघालेली पोर एव्हाना तिथे कॉफी पीत बसायला हवी होती. तिकडून म्हणाले, चार माणसं दोर घेऊन वरून उतरतो, पण आम्हाला वेळ लागेल. अर्गिरो थांबलीच नाही. माझं गाढव सोडलं, दोन डबे आपल्याच पिंपातलं पाणी भरलं आणि घळीच्या वाटेला लागली. एकसष्ट वर्षांची बाई, पायात घरातल्या सपाता. मी मागून लंगडत. माझा गुडघा जहाजावरच गेलेला.

घळीत वारा नव्हता, नुसते तापलेले दगड. दर वळणावर अर्गिरो हाक मारायची. "ओर्ला! पोरी गं!" आणि दोन्ही भिंतींवरून तिचाच आवाज परत यायचा. अर्ध्या वाटेवर दरड कोसळून पडलेली, तिथून गाढव पुढे जात नाही. तिने एक डबा पाठीला बांधला, दुसरा माझ्या. तिथे बसून दम घेताना ती एकदम म्हणाली, "ती हसली, कुंबारे."

"कोण?"

"'नाही' म्हटल्यावर माणूस हसतं का? मला तिथल्या तिथे कळलं. हिला उलटं समजलंय. चिमटे थुंकून दोन पावलं धावायचं होतं फक्त. आणि मी म्हटलं, जाऊ दे. आम्ही हंडे वाहतो आणि ही केस धुते. कळू दे जरा पाण्याविना कसं होतं ते. मला वाटलं तासाभरात तहानेने परत येईल, शिव्या देईल, मीही देईन. मरेल असं नाही रे वाटलं. आईशपथ नाही वाटलं!"

मी म्हटलं, "चल. कुणाला सांगू नकोस."

ती उठली, घळीच्या फटीतून दिसणाऱ्या आभाळाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "मारियामाते, पोरगी जिवंत दे. मी माझ्या तोंडाने तिला हे सगळं सांगेन. तिच्या डोळ्यांत बघून सांगेन. हा माझा नवस."

"अगं, हा कसला नवस! चांदीचा पाय वाहा, मेणबत्ती लाव, सगळे लावतात तशी."

"मेणबत्ती मला महाग नाही," ती म्हणाली.

देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. कुणी नाही. दाराला कडी. ओरडून ओरडून घसा बसला. मग अर्गिरोला टोपी दिसली, टाक्याच्या काठावर. झाकण बाजूला सरकवलेलं. आत डोकावलो, तर तीन पुरुष खोल अंधार, आणि तळाशी काहीतरी पांढरं. पाणी दिसेना म्हणून पोर आत उतरली असणार. वरच्या दोन लोखंडी पायऱ्या धड, खालच्या गंजून तुटलेल्या. पाय सुटला, पडली, आणि वर येता येईना.

"ओर्ला!" मी हाक मारली. उत्तर नाही.

टाक्याचं तोंड अरुंद. मी खांद्यापाशीच अडकलो. अर्गिरोने देवळाच्या घंटेचा दोर काढून आणला, कमरेला बांधला आणि म्हणाली, "धर."

"येडी झालीस का? हाडं मोडतील. वरची माणसं येतायत ना!"

"धर म्हणते ना, नाहीतर उडी मारते."

मी धरला. ती खाली गेली, कोपर खरचटत, मारियामातेला आणि मला आळीपाळीने शिव्या घालत. मग दोर ढिला पडला. तेवढा वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा न येवो. मग आवाज आला, "श्वास आहे! श्वास आहे रे! डबा सोड!"

डबा सोडला. मी काठावर पालथा पडून बघत होतो. डोळे अंधाराला सरावले तसं दिसायला लागलं. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, डोक्याचा काळा रुमाल सोडून पाण्यात भिजवून तिच्या ओठांवर पिळत होती. थेंब, आणखी थेंब. बऱ्याच वेळाने ओर्लाने गिळलं. मग तिचा हात वर आला आणि तिने अर्गिरोचं मनगट पकडलं. असं पकडलं की नंतर चार माणसांना ते सोडवता येईना.

तिने डोळे उघडले. अर्गिरो ढसाढसा रडत बोलायला लागली. "पोरी, मला कळलं होतं. तू हसलीस तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसले. रागाने गप्प बसले. मी तुला मारत होते." मग वर तोंड करून ओरडली, "कुंबारे! सांग तिला! तिच्या भाषेत सांग!"

ओर्लाने वर माझ्याकडे बघितलं. ओठ फुटलेले, आवाज जेमतेम. "काय म्हणतायत त्या?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं होतं मी? एक पोर मरणाच्या दारातून परत येतेय, त्या म्हातारीच्या हाताला धरून येतेय. मला पोलीस आठवले. गावाचं नाव आठवलं. खरं सांगायचं तर माझी गिऱ्हाइकंही आठवली. मी म्हटलं, "म्हणतायत, हळूहळू पी. स्लो."

'स्लो' हा शब्द अर्गिरोला येत होता. जिन्यावर धडधडणाऱ्या पोरांना ती तेच ओरडायची. तिने वर बघितलं. एवढंच. पण त्या बघण्याने मी काठावरून मागे सरकलो.

वरची माणसं आली, दोघींना काढलं, देवळाचं दार उचकटून त्यावर पोरीला निजवून खाली आणलं. त्याच रात्री माझ्या बोटीने शहरातल्या दवाखान्यात. पायाचं हाड मोडलं होतं, बाकी सगळं वाचलं. डॉक्टर म्हणाले, टाक्याच्या आत थंड होतं म्हणून टिकली, आणि पाणी आणखी तासाभराने मिळालं असतं तर टिकली नसती. गावभर अर्गिरोची वाहवा. पाद्रीबाबा स्वतः तिच्या दारात आले. तिने तोंडावर दार लावलं. लोक म्हणाले, बघा, किती माजली.

ओर्ला कुबड्या घेऊन पिशवी न्यायला आली तेव्हा अर्गिरोच्या गळ्यात पडून रडली. अर्गिरो लाकडासारखी उभी. माझ्याकडे बघत होती. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो.

नंतर पत्रं यायला लागली. ईस्टरला, नाताळला, मधेच कधीही. "डोंगरातल्या माझ्या आईला" अशी सुरुवात. मीच वाचून दाखवायचो. पहिल्यांदा तिने माझ्या हातातून पत्र ओढून घेतलं, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच घेऊन आली, "परत वाच." तिला कुणी आई म्हटलं नव्हतं हो कधी! आणि वाचून झालं की विचारायची, "लिहिशील का तिला?"

"काय गरज आहे? पोर सुखात आहे. तूही सुखात राहा."

"मी फुकटचं खातेय, कुंबारे. नवस फेडला नाही, आणि वर हे रोज खातेय."

"तू टाक्यात उतरलीस, ते काय फुकट?"

"ते वेगळं. तिचा जीव मी देवाकडून घेतला होता. ही माया तिच्याकडून घेतेय."

गच्चीवरच्या गाद्या तिने गुंडाळून ठेवल्या. बोट लागली तरी धक्क्यावर यायची नाही. परदेशी पोरं "रूफ?" विचारत दारात आली की आत जाऊन बसायची. वाळली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही म्हणून शेजारीण सांगायची. एकदा हात धरून मला म्हणाली, "माझा जीव घुसमटतोय रे, सिफी. एकदा सांग." मी म्हटलं, पुढच्या पत्रात बघू. आणि पुढच्या पत्रात मी लिहिलं, अर्गिरो मजेत आहे.

तिसऱ्या वर्षी शाळेत नवीन बाई आल्या, त्यांना इंग्रजी येत होतं. अर्गिरो महिनाभर त्यांच्याकडे जात होती, कशाला ते कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, चला, म्हातारपणी शिक्षण.

त्याच उन्हाळ्यात ओर्ला माझ्या बोटीतून उतरली. न कळवता. अंगाने भरलेली, शाळेत शिकवायला लागलेली, हातात अर्गिरोसाठी विणलेली जाड लोकरी शाल. मी तिची पिशवी उचलून वर गेलो. मला कसलीतरी कुणकुण लागली होती, म्हणूनच गेलो. अर्गिरो अंगणात बसली होती. ओर्ला मिठी मारायला वाकली, तशी हिने दोन्ही हात पुढे करून तिला अडवलं. समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"कुंबारा, दमलीय ती, आधी कॉफी..." मी मध्ये तोंड घातलं.

"तू गप्प. तू खूप बोललास."

आणि मग ती इंग्रजीत बोलली. पाठ केलेलं, एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत. तू विचारलंस. मी नाही म्हटलं. तू हसलीस. मला समजलं की तुला समजलं नाही. मला राग होता. मी तुला जाऊ दिलं.

ओर्लाला आधी हसूच आलं, काय ही म्हातारी म्हणून. मग ते ओसरलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं आहे हे?"

"हो."

"तेव्हा टाक्यात त्या काय ओरडत होत्या?"

"हेच."

तिने शालीची घडी मांडीवर घातली, उलगडली, पुन्हा घातली. अर्गिरोला विचारलं, "राग कसला?" अर्गिरोने आपल्या डोक्यावरून हात फिरवून केस चोळल्याची खूण केली. ओर्लाचा हात आपल्या केसांकडे गेला. मग शाल खुर्चीवर ठेवली, पिशवी उचलली आणि धक्क्याकडे उतरली. दुपारच्या फेरीने परत.

शहराच्या धक्क्यापर्यंत ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. उतरताना थांबली. "तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं," म्हणाली. "त्या वेळी मला फक्त पाणी हवं होतं. त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी त्यांना तिथेच माफ केलं असतं. आता तीन वर्षं मी त्यांना आई म्हणतेय. आता मला जमणार नाही."

परतलो तर अर्गिरो धक्क्यावर उभी. तीन वर्षांत पहिल्यांदा. बोट बांधेपर्यंत थांबली.

"काय म्हणाली?"

मनात आलं, म्हणावं, रडत होती, पुन्हा येईन म्हणाली. जिभेवर आलंच होतं. पण नाही. या वेळी मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. जसं बोलली तसं सांगितलं, शेवटपर्यंत.

अर्गिरोने ऐकून घेतलं. मला शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, म्हणून मी तसाच समोर उभा राहिलो.

"म्हणजे तेव्हा माफी मिळाली असती," ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.